ओवेन्स खोऱ्यातील पाइयूट समाज आणि लव्हाळ्याच्या कंदाचे सिंचन

कॅलिफोर्निया राज्याच्या पूर्वेस, सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी ओवेन्स नदीचे खोरे आहे. तेथे पाऊस अत्यल्प; पाणी येते ते बर्फ वितळून वाहणाऱ्या ओढ्यांचे. या ओढ्यांकाठच्या ओलसर जमिनीत लव्हाळ्याच्या कुळातील सायपेरस एस्क्युलेंटस ही वनस्पती वाढते. आपल्याकडे शेतकरी तण म्हणून उपटतो त्या नागरमोथ्याची ही सख्खी बहीण. मात्र हिचे कंद गोडसर असतात. पाइयूट लोकांच्या आहारात या कंदांना मोठे स्थान होते. ते त्यांना टबूस म्हणत. खोऱ्यातील एका ओढ्यास आजही तेच नाव आहे.

या कंदांसाठी त्यांनी पाट काढले होते. मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन स्टुअर्ड यांनी १९३० व १९३३ साली बिशप ओढ्यावरील व्यवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. वसंत ऋतूत लोकसभेत पाणी देणारा प्रमुख निवडला जाई. सुमारे २५ पुरुष दगड, फांद्या व चिखल यांचा बांध घालीत आणि प्रमुख ते पाणी शिवारावर फिरवी. (खानदेशातील फड पद्धतीतल्या पाटकऱ्याची येथे सहज आठवण होते.) शिवारे दोन होती व ती वर्षाआड भिजविली जात. शरदात बांध फोडला की पाटातील मासे गोळा करीत. कंद खणण्याचे काम स्त्रियांचे असे.

नांगरट व पेरणी नसल्याने स्टुअर्ड यांनी यास 'शेतीविना सिंचन' म्हटले. १९७६ साली हॅरी लॉटन व सहकाऱ्यांनी ही शेतीच होय, असे प्रतिपादन केले. खणताना जमीन भुसभुशीत होते, लहान कंद मागे राहून पुन्हा रुजतात, आणि एक शिवार आलटून पालटून कोरडे ठेवले जाते. हे पाहता लॉटन यांचे मत अधिक ग्राह्य ठरते.

हा वाद निव्वळ व्याख्येचा नाही. कसणाऱ्याचाच जमिनीवर हक्क मानणाऱ्या वसाहतकऱ्यांच्या दृष्टीने ही शिवारे म्हणजे मोकळे कुरण होते. वास्तविक १८५९ सालीच कॅप्टन डेव्हिडसन यांनी येथील मैलोगणती लांबीच्या पाटांची नोंद केली होती. तरीही १८६१ पासून गुरांचे कळप भिजविलेल्या शिवारांत शिरले. उपासमारीने पाइयूटांनी गुरे मारली आणि १८६२ मध्ये युद्ध पेटले. जुलै १८६३ मध्ये ९०० हून अधिक पाइयूटांना सैन्याने फोर्ट टेहोन येथे पायी नेले. पुष्कळजण पुढे परतले, तोवर पाणी व जमीन परक्यांच्या ताब्यात गेली होती. १९१३ मध्ये लॉस एंजेलिसचा कालवा सुरू झाला आणि खोऱ्याचे पाणीच सुमारे ३७५ किलोमीटर दूर जाऊ लागले. स्टुअर्ड यांनी जे टिपून घेतले, ते यानंतर, वृद्धांच्या आठवणींतून.