डेल्फी पद्धती : नाव झाकून घेतलेला कौल

एखाद्या विषयावर पुरेसा पुरावा हाती नसतो आणि तरीही निर्णय घ्यावाच लागतो, तेव्हा संशोधक तज्ज्ञांच्या मताकडे वळतात. परंतु तज्ज्ञ एका मेजाभोवती बसले की ज्येष्ठाचा शब्द प्रमाण ठरतो आणि एकदा उच्चारलेले मत मागे घेणे कमीपणाचे वाटते. म्हणून त्यांना परस्परांपासून दूर ठेवून, निनावी प्रश्नावलीच्या अनेक फेऱ्यांतून मत अजमावण्याची रीत रूढ झाली. तिला डेल्फी पद्धती म्हणतात. हे नाव प्राचीन ग्रीसमधील डेल्फीच्या देववाणीवरून आले. गोमंतकीय वाचकाला देवळातील कौलप्रसाद आठवेल. पद्धतीचे एक जनक नॉर्मन डाल्की यांना मात्र ते रुचले नव्हते, कारण त्यात गूढविद्येचा वास येतो असे त्यांचे मत होते.

या पद्धतीचा उगम शीतयुद्धात आहे. अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या रँड कॉर्पोरेशन या संस्थेत १९५१ साली डाल्की व ओलाफ हेल्मर यांनी सात तज्ज्ञांपुढे एक भीषण प्रश्न ठेवला : सोव्हिएत युद्धनियोजकाच्या दृष्टीने पाहता, अमेरिकेचे युद्धसाहित्याचे उत्पादन ठरावीक प्रमाणात घटवण्यास किती अणुबॉम्ब लागतील? सातांपैकी चौघे अर्थशास्त्रज्ञ होते. आरंभीचे अंदाज ५० पासून ५,००० पर्यंत पसरलेले होते. पाच प्रश्नावल्यांनंतर ते १६७ ते ३६० या टप्प्यात आले. गोपनीयतेमुळे हा प्रयोग १९६३ पर्यंत प्रसिद्ध होऊ शकला नाही. तज्ज्ञांना कोणती माहिती पुरवायची हे आयोजकच ठरवतात, त्यामुळे उत्तराला थोडीफार दिशा मिळतेच, हे दोघांनी प्रामाणिकपणे नोंदवले.

आज सामान्यतः दोन ते चार फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीनंतर गटाचा मध्यक, मतांचा पसारा आणि निनावी कारणे सर्वांना कळवली जातात. मग ज्याला वाटेल त्याने आपले उत्तर बदलावे. किती टक्के सहमती म्हणजे मतैक्य, याचा सर्वमान्य नियम नाही. ती मर्यादा पहिल्या फेरीपूर्वीच ठरवणे इष्ट, नाहीतर निकाल पाहून माप बदलण्याचा मोह होतो.

अंदाज जवळ येणे म्हणजे ते बरोबर असणे नव्हे. वेगळे मत मांडणाऱ्याला प्रत्येक फेरीत कारण द्यावे लागते. कंटाळून तो बहुमताकडे सरकला किंवा पाहणीच सोडून गेला, तरी आकडेवारीत एकवाक्यता वाढलेलीच दिसते. रँडमधूनच १९७४ साली हॅरॉल्ड सॅकमन यांनी या पद्धतीवर कठोर टीका केली.

तरीही संज्ञांचा गोंधळ मिटवण्यास ती उपयोगी पडते. मुलांच्या भाषिक अडचणींना निरनिराळी नावे होती. त्यामुळे निदान आणि मदत दोन्ही अडत. ऑक्सफर्डच्या डोरोथी बिशप व सहकाऱ्यांनी दहा विद्याशाखांतील ५९ तज्ज्ञांपासून सुरुवात केली. संज्ञांविषयीच्या टप्प्याचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला : २१ पैकी १९ विधानांवर किमान ७८ टक्के सहमती. ‘विकासात्मक भाषा विकार’ ही संज्ञा त्यातून स्थिरावली. मात्र तज्ज्ञ केवळ इंग्रजीभाषक देशांतील होते, आणि मराठी किंवा कोंकणी बोलणाऱ्या मुलाला ते निकष लावताना एवढे ध्यानात ठेवावेच लागते.