साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

नसरापूरसारख्या महामार्गालगतच्या गावात फ्लॅटची इमारत उभी राहते, तेव्हा नकाशावर सामासिक अंतर आणि खिडकीचं क्षेत्रफळ तपासलं जातं. तळमजल्यावरच्या खोलीतून आकाश किती दिसेल, हे तपासणं त्याहून वेगळं आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत नेमका हाच प्रश्न विचारला गेला होता. 1896 मध्ये मांडवीत प्लेग पसरला आणि दाट वस्त्या सुधारण्यासाठी 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी 1912 मध्ये मुंबईतल्या घरांच्या उजेड-हवेवर व्याख्यान दिलं आणि साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा आग्रह धरला. सर्वांत खालच्या खिडकीपासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेषा याहून उभी नको, म्हणजेच मोकळी जागा समोरच्या उंचीच्या निम्मी तरी हवी. मला या नियमाचं मोल वाटतं ते त्याच्या मोजणीच्या जागेमुळे: माप सर्वांत अंधाऱ्या खोलीतून घेतलं जातं.

आपल्याकडे ऊन मुबलक, मग हा विलायती हट्ट कशाला, असं कुणी म्हणेल. पण ऊन छपरावर पडतं. 21 मीटर उंच इमारतीपासून 3 मीटरवर दुसरी उभी केली, तर खालच्या खिडकीतला कोन 82 अंशांच्या आसपास जातो आणि भर दुपारीही दिवा लावावा लागतो. मुंबईतल्या मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत अशाच दाटीच्या इमारती आहेत. 2018 च्या सुमारास डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या अभ्यासात तिथला क्षयरोग उजेड-हवेच्या अभावाशी जोडलेला आढळला. खालच्या मजल्यांची स्थिती अधिक वाईट होती. दारिद्र्य आणि गर्दी हीही कारणं आहेतच, पण उजेड हा त्यांतला नकाशावरच सुधारता येणारा भाग आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मोकळी जागा सोडली की घरं कमी होतात. ट्रस्टनेही दाट वस्त्या पाडल्या, आणि उठवलेल्यांना पुरतील इतकी परवडणारी घरं वेळेत बांधली नाहीत. गर्दी शेजारच्या चाळींत सरकली. हा दोष मोठाच, पण तो कोनाचा नव्हे. गरिबांना घर द्यायचं तर अंधार सोसायला हवा, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. शिवाय नसरापुरात मुंबईची जमीनटंचाई नाही. तिथे मंजुरीच्या नकाशावर तळमजल्याच्या खिडकीपासूनचा कोन दाखवणं आणि तो साडेत्रेसष्ट अंशांच्या आत ठेवणं बंधनकारक केलं, तर बिल्डरला एक छेदचित्र जास्त काढावं लागेल, आणि मजले वाढवताना अंतरही वाढवावं लागेल.