अडीच एकरांतली चार नवी वर्षं

एक जानेवारीला आमच्या आजीच्या लेखी काडीची किंमत नव्हती. "साल पाडव्याला फिरतं," ती म्हणायची. वाळवा तालुक्यात सालगड्याचा बोलीचा करार गुढीपाडव्याला सुरू होई नि पुढच्या पाडव्याला संपे. सांगलीच्या हळदपेठेतला व्यापारी दिवाळीच्या पाडव्याला नवी चोपडी पुजायचा. त्याआधी, मराठेशाहीच्या कागदांत, शुहूर सन बदलायचा तो सूर्य मृगात शिरला की. पेरणीच्या तोंडावर वर्ष सुरू करायचं, यापेक्षा शहाणा हिशेब माझ्या तरी पाहण्यात नाही.

आजी लग्न होऊन आली तेव्हा गाव सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला, १९६० मध्ये त्याचं सांगली झालं. तिच्या बोलण्यात मात्र शेवटपर्यंत साताराच.

थंडीतला आमचा खरा सण भोगीचा. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि पावटा, गाजर, वांगं, ओला हरभरा यांची मिसळीची भाजी. तेव्हाच गुऱ्हाळ रंगात आलेलं असे. चुलवाणात चिपाडं सारणाऱ्याची पाठ थंडीत नि तोंड आगीत. काहिलीतला पाक कधी उतरवायचा, हे गुळव्या ठरवी. त्याच्यापुढे मालकाचंही चालत नसे.

जानेवारी आमच्याकडे आला शाळेतून, कारखान्याच्या तोडीच्या तारखांतून आणि १९७३ पासून भिंतीवरच्या 'कालनिर्णय'मधून. आता एकतीस डिसेंबरला पोरं बांधावर कोंबडी शिजवतात. मीही जातो. फक्त लाईटची पाळी रात्रीची असली की एकाला जेवण अर्धं टाकून उसाला दारं धरायला उठावं लागतं.