अवटू ग्रंथी (थायरॉईड) आणि पर्यावरणातील रसायने

गळ्याच्या पुढच्या भागात श्वासनलिकेला बिलगून असलेली अवटू ग्रंथी आयोडीन वापरून टी-४ व टी-३ ही संप्रेरके तयार करते. हृदयाची गती, वजन, मासिक पाळी, गर्भाच्या मेंदूची वाढ या सगळ्यांवर त्यांचा अंमल असतो. अन्न, पाणी, श्वास किंवा त्वचेवाटे शरीरात जाणारी काही रसायने या कामात अडथळा आणतात. थायरॉईडचे विकार मुख्यतः आयोडीनच्या कमतरतेमुळे किंवा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटल्याने होतात. रसायने त्यात भर घालतात.

जुन्नर-आंबेगावच्या बागायती पट्ट्यात हा विषय थेट शेताच्या बांधावर येतो. कुकडी नदीवरील येडगाव धरण आणि त्याच कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांच्या पाण्यावर इथे टोमॅटो, द्राक्ष, कांदा, बटाटा पिकतो. नारायणगावचा टोमॅटो बाजार तर राज्यभर माहीत आहे. टोमॅटोवरचा करपा आणि द्राक्षावरचा डाऊनी रोखण्यासाठी वापरले जाणारे एक नेहमीचे बुरशीनाशक म्हणजे मँकोझेब. दुकानात ते ‘एम-४५’ म्हणून मागितले जाते.

मँकोझेबने सहसा लगेच विषबाधा होत नाही, म्हणून ते निर्धास्तपणे हाताळले जाते. खरा धोका त्याच्या विघटनातून तयार होणाऱ्या इथिलीन थायोयुरियाचा (ईटीयू) आहे. आयोडीनला प्रथिनाशी जोडणारे ‘थायरॉईड पेरॉक्सिडेज’ हे विकर (एन्झाइम) ईटीयू रोखून धरते. थायरॉईड अतिसक्रिय झाल्यावर डॉक्टर देतात ती कार्बिमॅझोल, प्रोपिलथायोयुरॅसिल ही औषधे याच विकरावर काम करतात. रुग्णाला ती मोजून, रक्त तपासत दिली जातात. फवारणी करणाऱ्याच्या अंगात ईटीयू किती गेले हे मात्र कोणी मोजत नाही. संप्रेरक कमी पडले की मेंदूतील पियुषिका ग्रंथी अवटू ग्रंथीला चालना देणारे टीएसएच हे संप्रेरक वाढवते. हा ताण टिकला तर अवटू ग्रंथी सुजते. थकवा, थंडी सहन न होणे, वजन वाढणे, पाळी अनियमित होणे ही लक्षणे हळूहळू दिसू लागतात.

अमेरिकेतील आयोवा व नॉर्थ कॅरोलायना इथल्या शेतकऱ्यांच्या पत्नींच्या पाहणीत (२०१०) मॅनेब वा मँकोझेब वापरलेल्या स्त्रियांत थायरॉईडची कार्यक्षमता कमी असण्याचे प्रमाण जास्त आढळले. युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये मँकोझेबच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले. संप्रेरकांत बिघाड घडवण्याचा गुणधर्म हे त्यामागचे एक कारण होते. भारतात मे २०२० मध्ये ज्या २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा निघाला त्यांतही ते होते, पण त्याची विक्री थांबली नाही.

इतर रसायनांची वाट वेगळी आहे. परक्लोरेट, तंबाखूच्या धुरातून येणारे थायोसायनेट आणि खतांमधून विहिरीत झिरपणारे नायट्रेट ग्रंथीत आयोडीन शिरण्यातच अडथळा आणतात. यांत नायट्रेट सर्वांत दुबळे आहे, पण पाण्यात त्याचे प्रमाण मोठे असू शकते; भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा आहे. पीसीबीसारखी टिकाऊ रसायने रक्तातून संप्रेरक वाहून नेणाऱ्या प्रथिनावर जागा बळकावतात.

सर्वांत जास्त झळ गर्भाला बसते. पहिले सुमारे तीन महिने गर्भ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असतो. बादलीत भुकटी कालवताना उडणारी पिवळसर धूळ, गळक्या पंपाने भिजलेली पाठ आणि फवारणी झालेल्या सरीत बांधणी-तोडणी करणाऱ्या बायकांचे उघडे हात यांकडे म्हणूनच गांभीर्याने पाहायला हवे. हातमोजे व मास्क देणे आणि पाकिटावर छापलेला फवारणी ते तोडणीमधला कालावधी पाळणे ही मालकाची जबाबदारी आहे. मजुरावर ती ढकलता येणार नाही. उष्णतेने मँकोझेबचे ईटीयू बनते, त्यामुळे टोमॅटो शिजवण्याआधी चांगला धुवावा. मीठ आयोडीनयुक्तच घ्यावे. दिवस राहिल्याचे कळताच स्त्रीने फवारणीपासून लांब राहावे आणि टीएसएच तपासून घ्यावे.