ठराव झाला, पाणी कुठे आहे?



मागच्या १४ एप्रिलला सिंधुदुर्गातल्या एका शहराच्या हद्दीतल्या बौद्धवाडीत जयंतीला गेले होते. मंडप, निळे झेंडे, त्रिशरण-पंचशील, लहान मुलांची भाषणे, सगळे नीटनेटके. जेवणासाठी पाण्याचा टँकर आला होता. तो एका पुढाऱ्याने पाठवला होता आणि माईकवरून त्याचे दोनदा आभारही मानले गेले. शेवटी मी बोलायला उभी राहिले, तेव्हा पुढे बसलेल्या एका काकींनी मला मध्येच विचारले, "गो बाये, आज जयंतीक टँकर इलो. फाल्यां पाणी कोण हाडतलो?"

मी भाषण काय केले ते आता आठवत नाही. काकींचा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. कारण तो प्रश्न एका वाडीचा नाही. आपल्या चळवळीचा कोकणातला सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो: सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली सोय कुणाची, आणि ती मिळते ती हक्काने की कुणाच्या मेहेरबानीने?

सुरुवात कोकणातूनच करू. लष्करातून १८८६ साली निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीला स्थायिक झाले. त्यांनी अनार्य दोष परिहारक मंडळी काढली, १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहिले. १८९५ साली त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. एक महार आपल्या बरोबरीने बोर्डात बसणार, हे उच्चवर्णीय सदस्यांना रुचले नाही. रस्ते, विहिरी, शाळा, दवाखाने यांचे निर्णय जिथे होतात ती खुर्चीच त्यांना विटाळलेली वाटली. स्थानिक स्वराज्याचा गाजावाजा झाला तो रिपन साहेबाच्या १८८२ च्या ठरावापासून. पण त्या स्वराज्यात मत होते ते कर भरणाऱ्या, मालमत्ता असणाऱ्या माणसाला. गावकुसाबाहेरच्या माणसाकडे मालमत्ता कुठली?

त्यानंतर ४ ऑगस्ट १९२३. मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. ही यादी पुन्हा वाचा. आज आपण ज्याला 'नागरी सुविधा' म्हणतो, जवळजवळ तीच ही यादी आहे.

आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. १९२३ साली मालवण, वेंगुर्ला, देवगड हे रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात होते. कुडाळ आणि सावंतवाडी मात्र सावंतवाडी संस्थानात. कौन्सिलाचा ठराव इलाख्यापुरता, संस्थानाची हद्द लागली की राज्यही वेगळे आणि कायदाही वेगळा. आज जो जिल्हा आपण एक समजतो, त्यातल्या आपल्या आजी-पणजींच्या वाट्याला हक्काचा कागदसुद्धा सारखा आला नव्हता.

कागद आला तिथे तरी काय झाले? महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो ठराव दप्तरात पडून राहिला. आपल्या माणसाने ओंजळभर पाणी घेतले नाही, कारण घेण्याची परिस्थितीच नव्हती. ५ ऑगस्ट १९२६ ला बोले यांनी पुन्हा ठराव आणला: जी नगरपालिका आणि जे लोकल बोर्ड हा निर्णय अमलात आणणार नाही, त्याचे सरकारी अनुदान थांबवा. म्हणजे दुखणे कुठे आहे हे त्यांना कळले होते. उपदेशाने न हलणारी संस्था पैसा अडला की हलते.

पण खरे पाऊल उचलले ते लोकांनी. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. पुढचे आपल्याला पाठ आहे: वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा, परतणाऱ्या माणसांवर हल्ले, मग पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याचे 'शुद्धीकरण'. आपण पाठ करत नाही ते त्यानंतरचे. ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. जो ठराव बहुमताने होतो, तो बहुमताने मागेही घेता येतो!

डिसेंबर १९२७ मध्ये सनातनी मंडळी दिवाणी कोर्टात गेली. तळे आमचे, वहिवाट अनादिकाळाची, असा त्यांचा दावा. महाडचे कोर्ट, ठाण्याचे जिल्हा न्यायालय आणि अखेर १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालय. तळे नगरपालिकेच्या मालकीचे आहे, अनादिकाळाची रूढी सिद्ध झालेली नाही, असा निकाल आपल्या बाजूने लागला. ओंजळ भरल्यापासून निकालापर्यंत दहा वर्षांना फक्त तीन दिवस कमी. मनुस्मृतीच्या दहनाची ज्वाला आपण आठवतो, ते योग्यच आहे. पण दहा वर्षे तारखा, दस्तऐवज, साक्षी आणि अपिले सांभाळणारे बाबासाहेबही आपल्याला तितकेच आठवले पाहिजेत.

याच काळात रत्नागिरीत सहभोजने होत होती, १९३१ साली पतितपावन मंदिर उघडले. त्याचे कौतुक करणारे आजही पुष्कळ आहेत. माझा प्रश्न साधा आहे. सहभोजनाला यजमान लागतो. त्याने बोलावले तर आपण जेवणार, नाही बोलावले तर? तळ्यावर जाणारा माणूस आमंत्रणाची वाट पाहत नव्हता. हाच फरक पुढे संविधानात उतरला. अनुच्छेद १५(२) काढून वाचा. शासनाच्या पैशातून राखलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापराबाबत जात आड येऊ शकत नाही. १९२३ ची शिफारस १९५० मध्ये मूलभूत हक्क झाली, आणि तो हक्क कुठल्याही नगरपालिकेला ठरावाने रद्द करता येत नाही.

मग आज अडते कुठे? आज विहिरीवर पाटी नसते. आज अडवणूक होते ती अंदाजपत्रकात. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण जांभ्याचा कातळ पाणी धरून ठेवत नाही, किनाऱ्यावरच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. म्हणजे एप्रिल-मे मध्ये पाणी कुणाच्या दारात येणार, हे जलवाहिनी कुठपर्यंत टाकली यावर ठरते. आणि वाहिनीचा शेवट बहुतेक वेळा वाडीच्या अलीकडे होतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगला निर्णय. पण नाव बदललेल्या वस्तीत नळ तोच कोरडा असेल तर बदलले काय?

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. अनुसूचित जातींना नगरपालिकेत लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा मिळाल्या. वलंगकरांची खुर्ची आता कुणी नाकारू शकत नाही. शासनाच्या धोरणानुसार नगरपालिकेने ५ टक्के निधी मागासवर्गीय व दुर्बल घटकांवर आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात. तो पैसा जातो कुठे? मी ज्या वाड्यांत काम करते तिथे तो कमान, खुर्च्या आणि समाजमंदिराच्या रंगात गेलेला पाहिला आहे. कमान दिसते, तिचे उद्घाटन होते, फोटो निघतो. जमिनीखालच्या पाइपाचा फोटो निघत नाही.

कुणी म्हणेल, मग जयंती करू नये का? जरूर करावी, जोरात करावी. जयंतीला सगळी वाडी एकत्र येते, मुंबईचे चाकरमानी येतात, असा दिवस वर्षातून एकदाच मिळतो. म्हणूनच माझे म्हणणे आहे की त्या मंडपात भाषणांच्या आधी अर्धा तास आपल्या नगरपालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक वाचा. मागासवर्गीयांचा निधी किती होता, किती खर्चला, कशावर, आणि किती अखर्चित राहिला, हे चार आकडे माईकवरून सांगा. आकडे मिळत नसतील तर दहा रुपये फी भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. शिकलेल्या पोरांनी हे काम घ्यावे. 'शिका' याचा अर्थ पदवीपुरता नव्हता.

आणि टँकर पाठवणाऱ्याचे आभार मानताना एवढे विचारा, की नळ कधी येणार?

यंदाच्या जयंतीला त्या काकींसमोर मी चार आकडे घेऊन जाणार आहे. तुम्ही काय घेऊन जाणार?

जय भीम! जय संविधान!