गळ्यातील गाठ, धोका हृदयाला

थकवा आला, वजन घटले, छातीत धडधडू लागले की 'आता वय झाले' असे म्हणून दुर्लक्ष केले जाते. मात्र या तक्रारींचे मूळ कधी कधी गळ्यातील थायरॉईड ग्रंथीत असते.

स्वरयंत्राच्या खाली असलेली ही ग्रंथी शरीरातील चयापचयाचा वेग ठरविते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी 'टीएसएच' या संप्रेरकाद्वारे तिचे नियंत्रण करते. थायरॉईडमधील एखादी गाठ हे नियंत्रण न जुमानता स्वतःच संप्रेरके स्रवू लागली, की तिला अतिक्रियाशील गाठ म्हणतात. अमेरिकी वैद्य हेन्री प्लमर यांनी १९१३ मध्ये या विकाराकडे लक्ष वेधले. आहारात आयोडीनची कमतरता असलेल्या प्रदेशांत तो अधिक आढळतो.

गाठ म्हटली की कर्करोगाची भीती वाटते. अतिक्रियाशील गाठीत कर्करोग क्वचितच असतो. खरा धोका हृदयाला आणि हाडांना असतो. हृदयाचे ठोके जलद व अनियमित होतात. त्यातून हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होऊ शकतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊन अस्थिभंगाची शक्यता वाढते. वृद्धांमध्ये हातांची थरथर, घाम ही लक्षणे अनेकदा ठळक नसल्याने निदान लांबते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अल्पशिक्षित स्त्रियाही प्रशिक्षणानंतर गावातील आजार वेळीच ओळखू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले. थायरॉईडच्या बाबतीतही पहिली शंका घरीच येऊ शकते. पाण्याचा घोट गिळताना गळ्यातील गाठ वर सरकत असेल, विश्रांतीतही नाडीचे ठोके मिनिटाला शंभरापेक्षा अधिक किंवा अनियमित असतील, तर रक्ताची 'टीएसएच' तपासणी करून घ्यावी. ते कमी आढळल्यास पुढील तपासण्या व स्कॅन केले जाते.

गोळ्यांनी संप्रेरकांचे प्रमाण आटोक्यात येते, पण गाठ सहसा कायमची बरी होत नाही. त्यासाठी किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया हे पर्याय आहेत. गोळ्या सुरू असताना ताप व घसादुखी झाल्यास त्वरित डॉक्टरांना भेटावे. तसेच सीटी स्कॅनपूर्वी गाठीची कल्पना द्यावी, कारण त्या वेळी टोचल्या जाणाऱ्या आयोडीनयुक्त द्रव्याने विकार बळावू शकतो.