लायटरच्या खोबणीची कुळकथा

15 फेब्रुवारी 2013 च्या सकाळी, सव्वानऊच्या सुमारास, रशियातल्या चेल्याबिन्स्क शहराच्या आकाशात एक उल्का फुटली. दगड जेमतेम वीस मीटरांचा, पण त्याच्या धक्क्याने हजारो खिडक्यांच्या काचा निखळल्या आणि दीड हजारांच्या आसपास माणसे जखमी झाली. आपल्या लोणारचे विवर घडले तेव्हा ते दृश्य टिपून ठेवायला कोणी नव्हते. चेल्याबिन्स्कला मात्र कामावर निघालेल्या माणसांच्या गाड्यांमध्ये, पुढच्या काचेमागे, लहान लहान कॅमेरे चालू होते. त्या चित्रणांवरून शास्त्रज्ञांनी उल्केची सूर्याभोवतीची कक्षा मांडली.

ते कॅमेरे उल्केसाठी कोणी बसवलेले नव्हते. मुद्दाम घडवून आणलेले अपघात आणि विम्याचे तंटे यांना कंटाळलेल्या रशियन चालकांनी पुराव्यासाठी डॅशकॅम लावले होते. दक्षिण कोरियात तर लोक त्याला थेट ‘ब्लॅक बॉक्स’च म्हणतात. या कॅमेऱ्याला वीज लागते पाच व्होल्ट, आणि ती मिळवण्याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे गिअरच्या दांड्यापुढचे ते गोल भोक. आपल्याकडचे गॅरेजवाले त्याला अजूनही ‘लायटर’च म्हणतात. नाव अगदी बरोबर आहे, कारण ते भोक तंबाखू पेटवण्यासाठीच जन्माला आले.

त्याची गोष्ट सुरू होते ती गाडीत बॅटरी आल्यापासून. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने 1859 मध्ये शिशाची, पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली होती. पण मोटारीत तिला पक्की जागा मिळाली ती 1912 च्या कॅडिलॅकमध्ये. चार्ल्स केटरिंग यांनी त्या गाडीला विजेचा स्टार्टर बसवला आणि हँडल मारण्याचे कष्ट संपले. स्टार्टर आला म्हणजे बॅटरी आली, बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो आला, आणि गाडीत हाताशी वीज आली. दुसरी लागणारी वस्तू होती तापूनही न जळणारी तार. निकेल आणि क्रोमियमचा तसा मिश्रधातू, नायक्रोम, अल्बर्ट मार्श यांनी 1905 मध्ये शोधला होता.

त्या काळच्या गाड्यांत वारा भणाणत असे, काडी पेटवणे मुश्किल. चालकाने तर स्टिअरिंग सोडून काडी ओढणे धोक्याचेच. म्हणून 1920 च्या दशकात अमेरिकी गाड्यांत विजेचे लायटर दिसू लागले. सुरुवातीचे एक रूप मोठे गमतीचे होते: लायटरला वायर जोडलेली, आणि ती डॅशबोर्डमागे रिळावर गुंडाळलेली. ओढायचे, मागच्या सीटवरच्या माणसापर्यंत न्यायचे, सोडले की वायर परत आत. पुढे वायर गेली आणि सुटा निघणारा लायटर आला. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टची कॅस्को ही कंपनी या धंद्यात नावाजली.

या सुट्या लायटरची रचना खरोखर देखणी आहे. आत दाबला की त्याची कड खोबणीच्या तळाशी असलेल्या दोन धातूंच्या जोडपट्टीत अडकते आणि वीज वाहू लागते. तार लाल होते, त्या उष्णतेने जोडपट्टी वाकते, पकड सुटते आणि मागची स्प्रिंग ‘टक’ करून लायटर बाहेर ढकलते. सगळा कारभार काही सेकंदांचा. ना घड्याळ, ना इलेक्ट्रॉनिक्स. धूम्रपानाबद्दल कितीही राग असला तरी या यंत्राला दाद द्यावीच लागते.

दरम्यान 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी गाड्या सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर आल्या. जास्त दाबाची मोठी इंजिने फिरवायला सहा व्होल्ट पुरेनात. प्रत्येकी दोन व्होल्टांहून किंचित जास्त दाबाचे सहा कोष, म्हणून भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते. आजही आपल्या गाडीत हाच आकडा आहे.

आणि मग कोणीही न ठरवता एक बदल झाला. लोकांच्या ध्यानात आले की खोबणीत मधोमध धन, कडेला ऋण, अशी वीज तयारच आहे. लायटर काढून तिथे दुसरे काहीही खोचता येईल: दिवा, पंखा, टायरात हवा भरायचा पंप, पुढे मोबाइलचा चार्जर. साधारण 21 मिलिमीटर व्यासाचे हे भोक जगभरच्या गाड्यांत होतेच. अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे-563 या मानकात त्याची मापे बांधून दिली. सिगारेट मागे पडली, राखदाणी गेली, खुद्द लायटरही गेला. खोबणी मात्र ‘पॉवर आउटलेट’ असे नाव घेऊन, झाकण लावून जागेवर राहिली.

पण तिच्या जन्मातला दोष गेला नाही. काही सेकंद तार तापवायला केलेली ही जागा तासन्‌तास कॅमेरा चालवायला केलेली नव्हती. प्लगच्या टोकाची पिन फक्त स्प्रिंगच्या जोरावर टेकलेली असते. तिला कुलूप नाही, खाच नाही. खड्ड्यात चाक आपटले की पिन क्षणभर सुटते आणि कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होतो. धक्का बसतो तोच क्षण टिपायला तर कॅमेरा लावलेला! काही चांगल्या डॅशकॅममध्ये उन्हात फुगणाऱ्या लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असतो. वीज गेल्यावर शेवटची फाइल जतन करण्यापुरते काही सेकंद तो देतो, त्याहून अधिक नाही.

म्हणूनच जाणकार लोक वायर फ्यूज बॉक्सपासून ओढतात. त्याचीही एक पूर्वपीठिका आहे. पूर्वी गाड्यांत काचेच्या नळीचे किंवा चिनी मातीचे फ्यूज असत. 1976 च्या सुमारास लिटलफ्यूज या अमेरिकी कंपनीचा दोन पात्यांचा प्लास्टिक फ्यूज आला. रंगावरून क्षमता कळते: लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीस अँपिअरचा. फ्यूजची जागा ठरावीक झाली, तेव्हा त्याच जागेत खोचून नवी वायर काढणारा ‘फ्यूज टॅप’ही शक्य झाला. त्याला दोन घरे असतात. एकात जुना फ्यूज, दुसऱ्यात कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा फ्यूज.

डॅशकॅमच्या वायरिंग किटमध्ये बहुधा तीन वायरी असतात. एक चावी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या करंटसाठी, एक ‘डायरेक्ट’ बॅटरीसाठी, तिसरी अर्थ. जर्मन मानकात याच तीन जागांना 15, 30 आणि 31 हे आकडे आहेत. डायरेक्ट वायर लागते ती गाडी उभी असताना पहारा ठेवण्यासाठी, आणि फसगत होते ती इथेच. साधारण पाच वॉटचा कॅमेरा चोवीस तासांत बारा व्होल्टच्या बॅटरीतून दहा अँपिअर-तास ओढतो. लहान गाडीची बॅटरी असते पस्तीसच्या आसपास. दोन-तीन दिवस गाडी हलली नाही तर स्टार्टर फिरणार नाही. त्यासाठी किटच्या डबीत ठरावीक व्होल्टेजखाली वीज तोडण्याची सोय असते. ती मर्यादा बारा व्होल्टच्या खाली ठेवणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य जाळणे.

गावोगावी अजूनही कॅमेरा ‘जोडून देताना’ वायरची साल काढून ती दुसऱ्या वायरीला पीळ देऊन टेपने गुंडाळली जाते. तसे कोणी करू लागले तर त्याला थांबवा. एअरबॅगच्या फ्यूजला हात लावू देऊ नका. काचेशेजारच्या खांबातून वायर नेताना ती पडदा एअरबॅगच्या पुढून नाही, मागून गेली आहे हे स्वतः पाहा. अर्थची वायर रंग खरवडलेल्या, उघड्या लोखंडावरच्या बोल्टला कसायला सांगा. आणि कोणत्या घरातला फ्यूज कशाचा याचा नकाशा बहुतेक गाड्यांत फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीसोबतच्या पुस्तिकेत छापलेला असतो. काम सुरू करण्याआधी तो वाचून घ्या.